फिरत्या कामगारांची मुले आणि शेजारची शाळा

२०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत आपल्या राज्यातील शालेय शिक्षणाने वृत्तपत्रांचे रकानेच्या रकाने व्यापले. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने खासगी शाळांतील पंचवीस टक्के राखीव प्रवेशांचा नियम बदलला आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून शिकविण्याचा निर्णय निघाला, जूनमध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि २९ जून रोजी दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे जाहीर झाले. सभा, मोर्चे, अग्रलेख यांची रेलचेल होती. आपल्या धर्मग्रामांतही मिस्सानंतर अंगणात उभे राहून याच विषयांवर हिरिरीने चर्चा झाल्या, हे आम्ही पाहिले आहे.

या बातम्या क्षुल्लक होत्या असे आमचे म्हणणे नाही. परंतु पिंपरी, चिंचवड, भोसरी, मोशी आणि इंद्रायणीपलीकडचा चाकण परिसर येथे राहणाऱ्या माणसाने स्वतःला विचारावे की, आपल्या भागातील शिक्षणाचा पहिला प्रश्न कोणता. आमच्या मते त्याचे उत्तर या बातम्यांत सापडत नाही. तो प्रश्न असा आहे : कारखान्याच्या, बांधकामाच्या किंवा वीटभट्टीच्या कामासाठी वर्षाच्या मध्येच येथे आलेल्या कुटुंबाच्या मुलाला जवळच्या शाळेत लगेच बसायला जागा मिळते काय?

हा प्रश्न आमच्यापुढे पुस्तकातून आला नाही. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबर महिन्यात परभणी जिल्ह्यातून आलेली एक माउली धर्मग्रामाच्या कार्यालयात आली. ती ख्रिस्ती नव्हती. शेजारणीने तिला ‘फादरांना विचारून बघ’ एवढेच सांगितले होते. नवरा चाकणजवळ एका ठेकेदाराकडे कामाला लागलेला, मुलगी चौथीत, मुलगा दुसरीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाची झेरॉक्स, मुलीचे आधार कार्ड, आणि मुलाचे आधार कार्ड, ज्यावर त्याचे नाव चुकीचे छापलेले होते. शाळा सोडल्याचा दाखला नव्हता, कारण गाव सोडताना तो घ्यायचा असतो हे कुणी सांगितले नव्हते. जवळच्या सरकारी शाळेत तिला उत्तर मिळाले होते, ‘दाखला घेऊन या, नाहीतर आता जूनमध्येच या.’ दाखल्यासाठी गावी जायचे म्हणजे एस.टी.चे भाडे आणि निदान दोन दिवसांचा रोज बुडणार. म्हणून मुले तीन आठवडे खोलीतच होती. मुलगी भावाला सांभाळत होती, पाणी भरत होती.

त्या बाईला कायदा ठाऊक नव्हता यात नवल नाही. खरे सांगायचे तर आम्हालाही तो त्या दिवसापर्यंत नीट ठाऊक नव्हता. सेमिनरीत आम्ही कॅनन लॉ शिकलो, देशाचा शिक्षणविषयक कायदा कुणी शिकविला नाही. त्या रात्री तो वाचून काढला आणि दुसऱ्या दिवशी त्याची मराठी प्रत घेऊन तिच्याबरोबर शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी ती शांतपणे वाचली आणि दोन्ही मुलांची नावे त्याच दिवशी हजेरीपटावर घेतली. गृहस्थ वाईट नव्हते. त्यांची अडचण काय होती ते पुढे सांगू. आधी कायदा काय म्हणतो ते पाहू.

कायद्याने दिलेले

२००२ साली घटनेत ८६वी दुरुस्ती होऊन कलम २१-अ आले आणि सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. तो प्रत्यक्षात आणणारा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. महाराष्ट्राने त्याखालील नियम २०११ मध्ये केले. नामदार गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९११ मध्ये मांडले होते आणि ते फेटाळले गेले; शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ साली सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे वाट पाहून मिळालेला हा हक्क आहे. बहुतेकांना मात्र ‘आरटीई’ म्हटले की पंचवीस टक्क्यांची सोडतच तेवढी आठवते. त्या कायद्यातील अन्य कलमे आमच्या मते अधिक मोलाची आहेत.

प्रवेश केव्हा? कलम १५ सांगते की, वर्षाच्या प्रारंभी प्रवेश घ्यावा हे खरे, पण मुदत उलटून गेली म्हणून कोणत्याही बालकाला प्रवेश नाकारता येणार नाही. म्हणजे ‘जूनमध्ये या’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. ऑक्टोबरमध्ये, जानेवारीत, फेब्रुवारीतही मूल आले तर त्याला घ्यावेच लागते.

दाखल्याचे काय? कलम ५ अन्वये मुलाला एका शाळेतून दुसऱ्या शासकीय अथवा अनुदानित शाळेत, राज्यातल्या राज्यात किंवा परराज्यातून, बदलून जाण्याचा हक्क आहे. पहिल्या शाळेने दाखला ताबडतोब द्यायचा असतो. जो मुख्याध्यापक तो देण्यास विलंब लावील, त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दाखला यायला उशीर झाला या कारणाने नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, लांबणीवरही टाकू शकत नाही. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मूल आले असेल तर नवी शाळाच संगणकावरील विद्यार्थी पोर्टलमधून जुन्या शाळेकडे मागणी पाठवू शकते. आईला परभणीला धाडण्याचे कारणच नाही. येथे एक मर्यादा लक्षात ठेवावी : बदलीचा हा हक्क विनाअनुदानित खासगी शाळेत चालत नाही.

जन्माचा दाखला नसेल तर? कलम १४ : वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. रुग्णालयाची किंवा अंगणवाडीची नोंद, तीही नसल्यास आईवडिलांचे लेखी निवेदन चालते. आणि आधार? सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे की, सहा ते चौदा वयाच्या मुलांचा शाळाप्रवेश हा त्यांचा मूलभूत हक्क असल्यामुळे त्यासाठी आधार सक्तीचे करता येत नाही.

मूल दहा वर्षांचे आहे आणि कधी शाळेतच गेलेले नाही, असेही आपल्या वस्त्यांत दिसते. त्याला पहिलीत बारक्यांबरोबर बसवायचे नसते. कलम ४ प्रमाणे त्याला वयाला साजेशा वर्गात घेऊन, मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावयाचे असते. चौदा वर्षे पुरी झाली तरी आठवीपर्यंतचे त्याचे शिक्षण मोफतच पुरे करायचे असते. याबाबतीत अलीकडे एक नवी गोष्ट आली आहे. २०२३ मध्ये राज्याने नियम बदलून पाचवी आणि आठवीच्या वर्षअखेरीस परीक्षा आणली. अनुत्तीर्ण मुलाला पुरवणी परीक्षेची संधी मिळते, तीतही अपयश आल्यास त्याच वर्गात राहावे लागते. शिस्तीच्या दृष्टीने अनेकांना हे आवडले. परंतु जे मूल वर्षात दोन शाळा आणि दोन पाठ्यक्रम पाहते, त्याच्यासाठी पाचवीचा उंबरठा आता उंच झाला आहे, एवढे खरे.

शेवटी कलम ९. स्थानिक प्राधिकरणाच्या कर्तव्यांच्या यादीत तेथे स्वतंत्र वाक्य आहे की, स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे हे प्राधिकरणाचे काम आहे. म्हणजे मुलाने शाळा शोधायची नाही, शाळेने मुलाला शोधायचे आहे.

मुख्याध्यापकांची अडचण

इतके सगळे स्पष्ट असताना शाळा का कचरतात? मुख्याध्यापक आणि बाईंशी आम्ही वेळोवेळी बोललो तेव्हा एक साधा हिशेब कळला, जो आईबापांना कुणी सांगत नाही.

शाळेला किती शिक्षक मिळावेत हे संचमान्यतेत ठरते आणि संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. त्यातही ज्या मुलांचे आधार तपासून जुळले, तीच मुले धरली जातात. आता आपल्या भागात माणसे केव्हा येतात पाहा. पावसाळा संपला, बांधकामे व वीटभट्ट्या सुरू झाल्या, दसरा-दिवाळी उलटली की गाड्या भरभरून येतात. म्हणजे मूल येते ते मोजणी झाल्यानंतर. वर्गात ते बसते, खिचडी खाते, वही-पुस्तक मागते. पण शिक्षकांच्या हिशेबात ते नसते. पुस्तकेही आधीच्या नोंदीवरूनच आलेली असतात. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन. सप्टेंबरात पंचावन्न असलेली शाळा डिसेंबरात पंचाहत्तरावर गेली तरी शिक्षक दोनच राहतात. चुकीच्या नावाचे आधार घेऊन आलेला मुलगा पुढच्या सप्टेंबरातही टिकला, तरी तो मोजला जाईलच असे नाही. या स्थितीत ‘दाखला आणा’ हे वाक्य ओठांवर येते. ते अन्यायाचेच वाक्य आहे, पण ते कोठून येते हे समजून घेतले पाहिजे.

शिवाय शिक्षकांच्या मनात असते की, हे मूल चार महिन्यांनी जाणारच. आणि पुष्कळदा ते जातेही.

याच खेड तालुक्याच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या बाजूच्या आदिवासी वाड्यांत, उलटे दृश्य आहे. तेथे शाळा आहे, मुले मोजकी आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार शासनाने पुढे केला, त्यासाठी आपल्याच जिल्ह्यातील पानशेतचे उदाहरण दिले गेले, आणि गावोगावच्या पालकांनी विरोध केला. पाठोपाठ मार्च २०२४ मध्ये संचमान्यतेचे नवे निकष आले. राज्याची चर्चा कमी पटाच्या शाळांभोवती फिरत राहिली. जेथे माणसे येऊन साठत आहेत, तेथे शाळेचा आकार कोणत्या मोजमापाने वाढावा, हा विषय मागेच पडला. आमची मागणी साधी आहे : औद्योगिक पट्ट्यातील शाळांची जानेवारीत दुसरी मोजणी व्हावी आणि तिच्यावरून निदान तात्पुरते शिक्षक मिळावेत. हे अशक्य नाही. साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा आणि गावाकडे हंगामी वसतिगृहे काढताना राज्याने हंगाम ओळखला होता. आपला हंगाम मात्र अजून कुणी ओळखलेला नाही.

नदीच्या अलीकडे, नदीच्या पलीकडे

पिंपरी-चिंचवड महापालिका १९८२ मध्ये स्थापन झाली. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या दहा लाखांच्या घरात होती, २०११ मध्ये ती सतरा लाखांवर गेली. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या शहरात शंभराहून अधिक प्राथमिक शाळा महापालिका चालविते, त्यांत मराठीबरोबर उर्दू, हिंदी आणि इंग्रजी माध्यमाच्याही आहेत. मोशी ओलांडून इंद्रायणीचा पूल उतरला की चिंबळी फाटा, कुरुळी, पुढे चाकण. तेथून महापालिकेची हद्द संपलेली असते आणि गावच्या शाळा जिल्हा परिषदेच्या असतात. नकाशावर ही रेघ महत्त्वाची आहे. कामगाराला मात्र ती दिसत नाही. मोशीत खोलीचे भाडे वाढले की तो कुरुळीत जातो. म्हाळुंग्याच्या कंपनीतला ठेका संपून भोसरीत काम मिळाले की परत येतो. अंतर पाच-दहा किलोमीटरचे, पण मुलाचे कार्यालय बदलते, अधिकारी बदलतात, नोंद एकीकडून नाहीशी होते आणि दुसरीकडे उमटेलच असे नाही. शाळाबाह्य मुलांची गणना दोन्हीकडे होते. नदी ओलांडणारे मूल दोन्हींतून निसटू शकते.

येथे आपल्या वाचकांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये उभी राहिली; साठच्या दशकात आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को आली. त्या काळात राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, नेवासे या बाजूंनी जी कुटुंबे कामासाठी येथे आली, त्यांत आपली मराठी ख्रिस्ती कुटुंबे थोडी नव्हती. वळकटी आणि ट्रंक घेऊन आलेल्या त्या पहिल्या पिढीला मिशनच्या बोर्डिंगांमुळे आणि शाळांमुळे अक्षरओळख झालेली होती, म्हणून कामगारभरतीच्या रांगेत ती टिकली. आज त्यांची नातवंडे हिंजवडीत नोकऱ्या करतात. परभणीहून, बीडहून, बिहारहून, ओडिशातून येणारा आजचा माणूस आपल्या आजोबांच्याच वाटेने आला आहे. फरक एवढाच की, त्यांना कायम नोकरी आणि कंपनीची वसाहत मिळाली. याला अकरा महिन्यांचा ठेका आणि पत्र्याची खोली मिळते.

आपल्या स्वतःच्या शाळा

काही वाचक विचारतील, आपल्या शाळांचे काय? उत्तर थोडे अवघड आहे, पण ते टाळणे योग्य नव्हे.

पंचवीस टक्के राखीव जागांचे कलम १२ अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्रमती न्यासाच्या खटल्यात निर्णय दिला की, घटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालविण्याचा जो हक्क दिला आहे, त्यामुळे हा अधिनियम त्यांच्या अनुदानित वा विनाअनुदानित शाळांना लागू करता येत नाही. त्यानंतर १ सप्टेंबर २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने, शिक्षक पात्रता परीक्षेच्या प्रकरणात, त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून तो मोठ्या पीठापुढे ठेवावा यासाठी प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठविले. त्याच निकालात अन्य शाळांतील, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण होण्यास सांगितले गेले. न्यायालयात जे होईल ते होवो. आपल्या घटनात्मक हक्काचे रक्षण झाले पाहिजे याबद्दल आमच्या मनात संदेह नाही.

परंतु हक्क आपल्याला सूट देतो, तेव्हा त्या सुटीचे आपण काय केले हा प्रश्न उरतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऑक्टोबर १९६५ मध्ये शिक्षणाविषयी जे घोषणापत्र काढले, त्यात ऐहिक संपत्तीने गरीब असलेल्यांच्या आणि कुटुंबाच्या आधाराला मुकलेल्यांच्या गरजांकडे कॅथोलिक शाळांनी विशेष लक्ष द्यावे, असे आवर्जून सांगितले आहे. आपल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या फाटकासमोर जूनमध्ये गाड्यांची रांग लागते. त्या रांगेत वीटभट्टीवरचा बाप नसतो. त्याला आत आणणे फीच्या दृष्टीने सोपे नाही, हे आम्हास ठाऊक आहे. तरी दुपारी तीननंतर आपले वर्ग रिकामे असतात. शेजारच्या जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेतील मुख्याध्यापकांना विचारून, त्यांच्या मागे पडलेल्या मुलांसाठी वाचन-गणिताचा तासभराचा वर्ग आपल्या खोल्यांत चालविता येईल. निवृत्त शिक्षक-शिक्षिका आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत. याला न्यायालयाची परवानगी लागत नाही.

हेही सांगितले पाहिजे की, आपल्यातील गरीब कुटुंबांनाही अन्य खासगी शाळांतील पंचवीस टक्क्यांचा लाभ मिळू शकतो. दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाख रुपये आहे, अर्ज संगणकावर भरावा लागतो आणि जागा सोडतीने मिळतात. शासकीय किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर तेथील खासगी शाळेला हे प्रवेश देण्यातून वगळण्याचा बदल १९ जुलै २०२४ च्या निकालाने रद्द झाला, म्हणून ही वाट उघडी राहिली. या प्रवेशासाठी भाड्याने राहणाऱ्यांकडे नोंदणीकृत भाडेकरार मागितला जातो. आणि येथे गोष्ट थेट आपल्या घरापर्यंत येते. काळेवाडी, मोशी, चिखली येथे आपल्यापैकी अनेकांनी वरच्या मजल्यावर किंवा मागच्या बाजूला खोल्या काढून भाड्याने दिल्या आहेत. ‘करार नको, कटकट नको’ असे म्हणून कागद न देणारे घरमालक आपल्यातही आहेत. त्या एका कागदापायी भाडेकरूच्या मुलाचा अर्ज बाद होतो. महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रवेशासाठी मात्र भाडेकराराची अट नाही, हे भाडेकरूंनाही सांगावे.

शाळा गावाची केव्हा होते

निराश होण्याचे कारण नाही. चाकणपासून फार दूर नाही अशा खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेने २०२५ मध्ये जगातील उत्कृष्ट शाळांसाठीच्या पारितोषिकांत लोकांच्या मतांवर दिला जाणारा सन्मान मिळविला. दत्तात्रय वारे गुरुजी तेथे आले तेव्हा पट एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतका होता आणि शाळा बंद पडण्याच्या बेतात होती. गावकऱ्यांनी इमारत उभारायला हातभार लावला. मोठी मुले लहानांना शिकवितात अशी पद्धत बसविली गेली. त्याआधी २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या बोपखेल येथील इंग्रजी माध्यमाच्या शाळेने याच पारितोषिकांत, समाजाच्या सहकार्याच्या गटात, शेवटच्या दहांत स्थान मिळविले होते. ती शाळा आकांक्षा फाउंडेशन या संस्थेच्या सहकार्याने चालते. आहार आणि आरोग्य यांसाठी आसपासचे डॉक्टर, दुकानदार आणि धर्मपुढारी यांना सोबत घेतल्याबद्दल तिचे नाव झाले. दोन्ही शाळा सरकारी आहेत, दोन्ही आपल्याच भागात आहेत.

कंपन्यांचा पैसाही येथे आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि चाकणच्या आसपास त्यातून शाळांना खोल्या, स्वच्छतागृहे, डिजिटल फळे मिळाले आहेत. चांगलेच झाले. पण फळा मुलाला दाखल करून घेत नाही. ज्यांच्या ठेकेदारांमुळे ही मुले येथे येतात, त्या कंपन्यांनी एखादी खोली कमी बांधून दोन वर्षांसाठी एका जादा शिक्षिकेचे मानधन दिले, तर ते आम्हास अधिक पसंत पडेल. मुंबईत १९८८ साली रजनी परांजपे यांनी सुरू केलेली डोअर स्टेप स्कूल ही संस्था पुणे परिसरात बांधकामांवरच्या मुलांना जवळच्या शाळेपर्यंत पोहोचविण्याचे काम वर्षानुवर्षे करीत आहे. कसे करावे हे शिकायचे असेल तर दूर जायला नको.

आणखी एक जागा आहे, जिच्याकडे सहसा कुणी पाहत नाही. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. आम्ही पाहिलेल्या शाळांत निम्म्याहून अधिक मुले बाहेरून आलेल्या कामगारांची असतात आणि समितीत मात्र सगळी गावचीच आडनावे असतात. मुद्दाम कुणी वगळते असे नव्हे. सभा दुपारी असते आणि कामगार आई त्या वेळी पाळीवर असते. सभा रविवारी ठेवा, एवढी विनंती आपल्या ओळखीच्या सदस्याने केली तरी फरक पडतो.

प्रवेश नाकारला गेल्यास शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे, चाकण भागात केंद्रप्रमुख आणि खेड पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा आणि अर्जाची पोच घ्यावी. कलम ३२ खालील तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. तोंडी नकार मिळाला तर ‘हे लिहून द्या’ असे नम्रपणे म्हणावे. बहुधा तेवढ्यावरच काम होते, असा आमचा अनुभव आहे. वर सांगितलेली कलमे मराठीत आणि हिंदीत एका पानावर छापून आम्ही चर्चच्या दाराशी ठेवली आहेत. सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या आणि लहान ख्रिस्ती समूहांच्या सभासदांनी ती दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात आपल्या गल्लीतील नव्या भाडेकरूंना द्यावीत.

परभणीचे ते कुटुंब पुढच्या मे महिन्यात रांजणगावकडे गेले. जाण्याच्या आदल्या दिवशी आई स्वतः शाळेत गेली आणि दोन्ही मुलांचे दाखले मागून घेतले. मुलाच्या दाखल्यावर नाव बरोबर लिहिले आहे की नाही, हे तिने चौथी पास झालेल्या मुलीकडून वाचून घेतले, आणि मगच ते कागद पिशवीत घातले.